उधाणाची मुदत

मागल्या महिन्यात ठाण्यास एका तरुण वकिलाचे व्याख्यान झाले. विषय होता निरनिराळ्या देशांतल्या व्यापाऱ्यांची नीती. वकिलाचा आवाज चांगला, पागोटे स्वच्छ, आणि त्याने जन्मात कधी गवताची एक पेंढीही विकलेली नाही. तो म्हणाला, इंग्रज व्यापारात खोटे बोलत नाही म्हणून तो जगभर पोचला. अरब शब्दाला जागतो, पण तो अडाणी. आणि आपला माणूस भाव सांगताना दुप्पट सांगतो, ढिगाचा वरचा माल दाखवतो, देवाची शपथ घेतो आणि खालचा माल गळ्यात मारतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खुर्चीवर माझा मेहुणा बसला होता. त्यानेही वाजवल्या.

मी उठून उभा राहिलो. "वकीलसाहेब," मी म्हटले, "साहेब खोटं बोलत नाही हे अगदी खरं आहे. मला बुडवलं ते अशाच एका खरं बोलणाऱ्या साहेबानं."

"आजोबा, शंका असेल तर विचारा," अध्यक्ष म्हणाले. "घरच्या हकिकती नकोत."

"बसा हो गवतशेट!" मागून कोणीतरी ओरडले. "रवंथ घरी करा!"

हशा झाला. अध्यक्षांना मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. दोघांनी मला कोपराला धरून बाहेर ओटीवर आणून बसवले आणि पाणी दिले. तिथे जे सांगायचे राहिले ते आता लिहून काढतो. ज्याला ऐकायचे नसेल त्याने वाचू नये.

माझा धंदा गवताचा. कल्याणला खाडीच्या काठी माझी वखार होती आणि वखारीत गवत दाबून गठ्ठे बांधायचा लाकडी मळसूत्राचा चाप होता. या दोन्ही गोष्टी मला बापाकडून मिळाल्या नव्हत्या. बाप मला आठवतही नाही. डोक्यावर भारे वाहून मी सुरुवात केली, मग दुसऱ्याच्या वखारीत गठ्ठे बांधले, मग दलाली केली, आणि चाळिशी यायच्या आत स्वतःचा चाप उभा केला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामा आल्या नव्हत्या त्या वेळची ही गोष्ट, पण घोडे होतेच. साहेबांचे घोडे, पारश्यांच्या बग्ग्या, पलटणीची खेचरे. त्या सगळ्यांच्या पोटात खडवलीकडच्या माळावरचे आणि घोडबंदराकडच्या डोंगराचे गवत जात असे, आणि त्यातले पुष्कळ माझ्या चापाखालून जात असे.

आमच्या धंद्यात लबाडी होती. नव्हती असे मी म्हणणार नाही. गठ्ठ्यात दगड घालणारे होते, पहाटेचे दव अंगावर असतानाच गवत दाबून वजन वाढवणारे होते. वकिलाने हे सांगितले त्याबद्दल माझी तक्रार नाही. विलायती कापडाचा तागा पहिल्या धुण्याला निम्मा हलका होतो, कारण त्यात खळ आणि माती भरलेली असते, हे त्याने सांगितले नाही एवढेच. त्याच्या अंगावरचा अंगरखा त्याच कापडाचा होता.

पण लबाडीला आमच्याकडे एक जागा ठरलेली होती, आणि ती वकिलाला ठाऊक नाही. भाव ठरवताना आम्ही तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरतात. किती बोटे धरली, पेर दाबले की तळवा दाबला, यावरून भाव कळतो. बाजूला उभ्या असलेल्या दहा माणसांना कळत नाही. रुमाल पडेपर्यंत तुम्ही काहीही बोला. माझे गवत अमृत आहे म्हणा, तुमची आई आजारी आहे म्हणा, समोरच्याला ते खरे वाटणार नाही आणि वाटावे अशी तुमची अपेक्षाही नाही. पण रुमालाखालून हात बाहेर आला की हात झाला. मग भाव चढो, उतरो, आग लागो. हात झाल्यावर फिरलेल्या माणसाला कल्याणच्या बाजारात कोणी पान देत नसे. त्याची मुलगी खपत नसे.

त्या वर्षी सगळ्या हंगामाच्या गवताचा माझा हात एका अरबाशी झाला होता. तो बसऱ्याकडून घोडे आणून मुंबईत विकी. त्याचा तबेला मोठा होता आणि सवय चमत्कारिक होती. घोडा विकताना घोड्याची एक खोड तो आपण होऊन सांगे. हा डावीकडे बुजतो, याला रात्री खोकला येतो. आणि माल घेताना तो फक्त एकच विचारी, "इसमें ऐब क्या है?" यात दोष काय आहे? पहिल्या वर्षी मी म्हटले, काही नाही. तो उठून आत निघून गेला. दुसऱ्या वर्षी मी सांगितले की खालच्या थरातल्या गठ्ठ्यांत काडी जाड आहे, घोडे ती टाकतील. त्याने लगेच हात पुढे केला.

मग समुद्रापलीकडे कुठेशी सरकारची लढाई निघाली. खेचरे आणि घोडे आगबोटींनी जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे गवतही. मुंबईच्या एका इंग्रज पेढीचा साहेब कल्याणला माझ्या वखारीत आला. वयाने माझ्यापेक्षा लहान, नाक उन्हाने सोललेले. गठ्ठ्यात हात घालून त्याने गवत ओढून काढले, हुंगले, चावून पाहिले. मला तो आवडला. त्याने सांगितलेला भाव अरबाच्या तिप्पट होता.

मी अरबाकडे गेलो. त्याने कॉफी मागवली. मी सरळ सांगितले, "शेख, मला सोड."

"सौदे में ऐब क्या है?"

"तुझा भाव कमी आहे. हाच ऐब."

तो इतका हसला की कॉफी दाढीवर सांडली. "सच बोला," तो म्हणाला. "जा. छोड़ दिया." एक पैसा मागितला नाही, तोंड वाकडे केले नाही. मला सोडवून घेता आले याचा मला गर्व वाटला, कारण मागून घेतलेल्या सुटकेला आमच्यात फिरणे समजत नाहीत.

साहेबाशी सौदा ठरला तेव्हा सवयीने मी उपरण्याचे टोक पुढे केले. त्याने आधी उपरण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हसून कागद पुढे केला. कागद इंग्रजीत. त्याच्याबरोबर आमच्यातलाच एक कारकून होता. त्याने वाचून दाखवले. इतके गठ्ठे, असा माल, मुंबई बंदरावर पोच, आणि शेवटी तारीख.

"ही तारीख म्हणजे कोणती तिथ?" मी विचारले. कारकुनाने बोटांवर मोजून सांगितले. ऐकताच मी मान हलवली.

इथे खाडीची गोष्ट सांगायला हवी. आगगाडीचे डबे त्या वेळी सरकारने अडवले होते, म्हणून गवत पडावांनी, म्हणजे मोठ्या होड्यांनी, जायचे. भरलेला पडाव कल्याणहून खाली निघाला की डोंबिवलीच्या अलीकडे चिखलाच्या दोन पट्ट्या लागतात. रोजच्या भरतीला त्यावर पाणी चढते ते रिकाम्या होडीपुरते. गवताने शिगोशीग भरलेला पडाव पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणालाच तिथून निघतो. आमच्या धंद्यात कोणी तारीख सांगतच नाही. माल या उधाणाला पोचेल नाहीतर पुढच्या, एवढेच बोलायचे. आधीच्या अवसेपर्यंत इतके गठ्ठे बांधून होणार नव्हते, आणि कागदातली तारीख माघी पुनवेच्या थोडी आधी होती.

"साहेब," मी म्हटले, "या तारखेला तुमचं गवत चिखलात रुतून बसलेलं असेल. पुनवेला पाणी येईल तेव्हा पोचेल."

कारकुनाने सांगितले. साहेबाने विचार केला आणि मोडक्या मराठीत मलाच म्हणाला, "ठीक आहे. उधाणाला आणा. चालेल."

मी सही केली. तारीख बदलून लिहा, असे मी म्हटले नाही. वकिलाला यात मूर्खपणा दिसेल. पण त्या माणसाने तोपर्यंत एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. भाव पाडून मागितला नव्हता, मालाला नावे ठेवली नव्हती. सौद्याच्या आधीच जो इतके खरे बोलतो तो सौद्यानंतर किती खरा असेल, असा हिशेब मी केला. आमच्याकडच्या कोणत्याही माणसाने तोच केला असता.

मग मी खडवलीकडच्या गावांत फिरलो. माझ्याजवळचे गवत पुरणार नव्हते. पाटलाच्या पडवीत बसून गावागावाशी हात केले. भाव चांगला दिला, घासाघीस करूनच दिला. पैसे खेपेनंतर द्यायचे होते. एक म्हातारा रुमालाखाली माझे बोट सोडीचना. शेवटी मी ओरडलो, "आजा, बोट उपटून घेतोस का आता?" तो म्हणाला, "बोट ऱ्हाऊ द्या शेट, पेर वाढवा." वाढवले. गावाकडचे गवत दिवसरात्र बैलगाड्यांनी वखारीत येत होते. चाप फिरवणारी माणसे पाळीने झोपत होती.

पुनवेच्या भरतीला आम्ही निघालो. पुढच्या पडावाचा तांडेल ठाण्याच्या खाडीतला कोळी होता. तो आणि मी भारे वाहायच्या दिवसांपासूनचे सोबती. चिखलाच्या पट्टीवरून पडाव हलकेच घासत गेला तेव्हा त्याने खाडीत नारळ टाकला. मी त्याला म्हटले, "या खेपेनंतर तुला नवं शीड घेऊन देतो."

"शेट, आदी गवात उतरू दे," तो म्हणाला. "मंग शिडाचा बगू."

बंदरावर साहेब आपण होऊन आला. हातात कागद होता. राम राम घातला, माझी चौकशी केली, गठ्ठे पाहिले आणि माल उत्तम आहे असेही म्हणाला. मग म्हणाला, की तारीख उलटली आहे, पेढी माल घेऊ शकत नाही. लढाई आटोपत आली होती आणि नव्या आगबोटी निघायच्या बंद झाल्या होत्या. हेही त्याने लपवले नाही.

मला आधी वाटले तो भाव पाडतो आहे. मी हसलो. मग माझे डोके फिरले.

"तुम्ही म्हणाला होता की नाही, उधाणाला आणा म्हणून? माझ्या वखारीत उभं राहून?"

"हो," साहेब म्हणाला. "मी म्हणालो होतो."

कारकून खाली पाहू लागला. मी त्याच्याकडे वळून म्हटले, "ऐकलंस ना? कबूल करतोय!"

"शेट, कबूल करायला काय जातं," कारकून हळूच म्हणाला. "कागदात कुठाय ते?"

"मी म्हणालो, ते खरं आहे," साहेब पुन्हा म्हणाला. "तेव्हा आम्हाला गवत पाहिजे होतं. आता नाही. मला वाईट वाटतं."

आणि त्याला खरेच वाईट वाटत होते. ते मला दिसत होते, म्हणूनच मी त्याच्या अंगावर धावलो. मी नाकारणाऱ्याशी भांडू शकतो. जन्मभर तेच केले आहे. खोटे बोलणाऱ्याला चार माणसांत उघडे पाडता येते, शपथ घालता येते, बाजारातून उठवता येते. हा माणूस माझे सगळे म्हणणे मान्य करत होता. तांडेलाने मला मागून मिठी मारून धरले नसते तर मी तुरुंगात गेलो असतो.

मी तसाच अरबाच्या तबेल्यात गेलो. त्याने कॉफी मागवली. मी सगळे सांगितले. तो मन लावून ऐकत होता, मधून मधून जीभ टाळूला लावून चुकचुकत होता.

"शेख, तुझ्या जुन्या भावाने घे. त्याच्याही खाली घे."

"सेठ, मैंने तुमको छोड़ दिया था?"

"सोडलं होतंस."

"तो तुमने भी मुझको छोड़ दिया था." त्याने तबेल्याच्या माळ्याकडे बोट केले. तिथे दुसऱ्याचे गवत छतापर्यंत रचलेले होते. "हात हो गया," तो म्हणाला, आणि माझा पेला पुन्हा भरला. मी त्याला लबाड म्हणणार नाही. दयाळू होता असेही म्हणणार नाही.

पडाव बंदरात अडकून होते. शेवटी तांडेल आला. "शेट, मना पैसं नको," तो म्हणाला, "पन ह्या गवात आज काढा. पोरा शिमग्याला वाट बगतान." मी गठ्ठे धक्क्यावर उतरवून घेतले. उधाणाचे पाणी धक्क्यावर चढले आणि खालचे दोन थर भिजले. माझ्यासारखेच आणखी कितीजण गवत घेऊन अडकले आहेत हे बाजाराला ठाऊक होते. शेवटी म्हशींच्या गोठेवाल्यांनी ते नेले. त्यांनी दिले त्यात गठ्ठ्यांच्या दोरीचा खर्चही निघाला नाही.

आता प्रश्न वखारीचा होता. खडवलीकडच्या गावांना द्यायचे पैसे फक्त वखार आणि चाप विकूनच उभे राहणार होते.

तो सगळा आठवडा माझा मेहुणा आमच्या घरी मुक्काम करून होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याच वखारीत तयार झालेला, थोडे इंग्रजी शिकलेला. तो म्हणाला, "दाजी, एक विचारू? गावकऱ्यांजवळ कागद आहे?"

"नाही."

"साक्षीदार?"

"रुमालाखाली कसला साक्षीदार?"

"मग झालं तर. साहेबानं तुम्हाला जे केलं तेच तुम्ही करा. भाव ठरला होता हे कबूल करा. तुम्हाला वाईट वाटतं असंही सांगा. पण द्यायचे नाहीत. कोर्टात काही चालायचं नाही त्यांचं."

मी हातातला तांब्या त्याला फेकून मारला. तो चुकवून म्हणाला, "मारा, पण वखार राखा. ताईकडे तरी बघा."

बायको दारात उभी होती. तिच्या मनात काय होते हे मी तेव्हाही विचारले नाही आणि नंतर विचारायची वेळ गेली.

दुसऱ्या दिवशी गावकरी आले. ओरडले नाहीत. वखारीत येऊन चापाच्या खांबाभोवती बसून राहिले. पाटील म्हणाला, "सायबानं गवत घेतलं नाय, आम्ही आयकलं. लय वंगाळ झालं. पन आमचा हात सायबाशी झाला नव्हता शेट. तुमच्याशी झाला." बोट न सोडणारा म्हातारा एका बाजूला बसला होता. त्याने आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि तो त्याकडेच पाहत होता.

मेहुणा माझ्या कानाशी लागला, "बोला दाजी. एकदा बोललं की सुटलात."

मी तोंड उघडले. साहेबाचे शब्द तयार होते, साधे होते, आणि त्यात एकही खोटा नव्हता. मला ते बोलता आले नाहीत. यात थोरपण काही नाही. जीभच वळली नाही. मी म्हटले, "आठ दिवसांनी या."

वखार आणि चाप भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने घेतला. मी अडलेला आहे हे जाणून त्याने भाव पाडला, आणि मी उपरण्याखाली त्याचे बोट पिरगळले तरी पेर वाढवले नाही. गावकऱ्यांचे सगळे दिले. म्हातारा म्हणाला, "शेट, देवमानूस तुमी." मी त्याला म्हटले, "चल नीघ."

पुढच्या हंगामात कळले, की भिवंडीवाल्याने वखार स्वतःसाठी घेतली नव्हती. ती त्याच इंग्रज पेढीची झाली, आणि पेढीचा दलाल म्हणून गादीवर बसला माझा मेहुणा. खडवलीकडच्या गावांनी आपले गवत त्याला घातले. दर माझ्यापेक्षा थोडा बरा होता. सौदा कागदावर, आणि कागदाखाली पाटलाचा अंगठा. मी पाटलाला रस्त्यात गाठून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "शेट, तुमच्याकडं आता चाप कुठाय?"

मी पुन्हा दलालीवर आलो. बायको दोन वर्षांनी गेली. मेहुणा तेराव्याला आला होता, मी पानावरून उठून गेलो.

साहेब मला त्यानंतर एकदाच भेटला, कल्याणच्या स्टेशनात. तो वरच्या गाडीने नाशकाकडे चालला होता. कल्ले पिकले होते. मेहुणा त्याला पोचवायला आला होता. मी तोंड फिरवून उभा राहिलो, पण साहेबानेच मला ओळखले आणि डब्यातून खाली उतरला. चेहऱ्यावर नुसता आनंद होता. म्हणाला, "तुम्ही गवत का सोडलं? तुमच्यासारखा माल पुन्हा आला नाही." टोमणा नव्हता तो. त्याच्या हिशेबी आमच्यात वाईट काही घडलेच नव्हते. एक सौदा झाला होता, एक तारीख चुकली होती. त्याने हात पुढे केला, उघडा, इंग्रज करतात तसा.

मी खांद्यावरचे उपरणे काढले आणि त्याच्या हातावर टाकले. खाली हात घालून त्याची बोटे धरली आणि वखार किती किमतीला गेली ते त्याला सांगितले. आधी बोटे, मग तळवा, मग एक पेर. पेर इतके जोरात दाबले की त्याचा चेहरा आखडला. मग तो हसला. "अच्छा, तुम्हारा पुराना खेल!" म्हणाला आणि शिट्टी झाली तसा डब्यात चढला. गाडी हलल्यावरही तो बोटे चोळत माझ्याकडे पाहून हसत होता.

मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला. बोटांची भाषा त्याला मीच शिकवली होती, पण उपरण्याखालचे त्याला दिसले नव्हते.

"दाजी," तो म्हणाला, "काय भाव सांगितलात?"

मी उपरणे झटकून खांद्यावर घेतले आणि घराकडे चालू लागलो.